शेवाळाचें लक्षण

लक्षण कसें करावें आणि त्यांत दोष कोणते येतात हें ज्या शास्त्रानें शिकविलें, त्याचे दोनचार ग्रंथ तरुणपणीं वाचले असूनही आम्हीं एकदां लक्षणाच्याच बाबतींत एका विद्यार्थ्यावर अन्याय केला. गोष्ट 1988 सालची आणि वस्तु अगदींच क्षुल्लक, म्हणजे समुद्रांतलें शेवाळ. परंतु गेल्या पौषांत आमची नात घरीं आली आणि तें जुनें प्रकरण पुनः उघडलें, म्हणून ही हकीकत वाचकांस सादर करीत आहों.

रत्नागिरी जिल्ह्यांतील ज्या खेड्यांत आम्ही मास्तर होतों तेथें शाळेच्या मागें काळा कातळ सरळ समुद्रांत उतरतो. अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला तो उघडा पडला म्हणजे हिरवें, तपकिरी, तांबूस असें नाना परींचें शेवाळ त्यावर पसरलेलें दिसतें. शाळा लहान असल्यामुळें संस्कृतांत रमणाऱ्या मास्तरासही शास्त्र शिकवावें लागे, आणि आम्हीं तें हौसेनें शिकविलें. मुलांस घेऊन ओहोटीला जावें, परातींत समुद्राचें पाणी घेऊन त्यांत शेवाळ तरंगत ठेवावें, खालून जाड कागद सरकवून तो अलगद उचलावा, वर धुवट मलमल घालून वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबावा. डिंक लागत नाहीं; बहुतेक शेवाळ आपल्याच चिकटपणानें कागद धरून राहतें. असे चाळीसएक कागद आम्हीं जमविले होते.

त्यांतील दोन आमच्या विशेष अभिमानाचे. एकावर पातळ रेशमी वस्त्राच्या तुकड्यासारखें रुंद हिरवें शेवाळ. दुसऱ्यावर त्याच रंगाचें, पण लांब फितींसारखें चिरलेलें. सुटींत गांवीं आलेल्या एका अध्यापकांनीं पुस्तकाशीं ताडून पहिल्याचें नांव ‘उल्वा लॅक्टुका’ व दुसऱ्याचें ‘उल्वा फॅसिएटा’ असें सांगितलें. आम्हीं तीं सुवाच्य अक्षरांत लिहून खालीं अर्थही दिले : लॅक्टुका म्हणजे लेट्यूस ही पालेभाजी, फॅसिएटा म्हणजे पट्ट्यापट्ट्यांची.

सहामाही परीक्षेंत प्रश्न घातला कीं, या दोन जातींतील भेद सांगा. होडीवर पोट असलेल्या घरांतील एका मुलानें लिहिलें, “भेद नाहीं. डबक्यांत निवांत असलें म्हणजे पसरतें, लाटेच्या तोंडाशीं असलें म्हणजे चिरतें.” आम्हीं शून्य गुण दिले, तें उत्तर वर्गांत वाचून दाखविलें, मुलें हंसलीं, आणि ‘समुद्रावर राहून डोळे नाहींत’ असें म्हणून त्यास तासभर बाकावर उभें केलें. पुस्तकांत नांवें दोन, त्या अर्थीं वस्तूही दोनच असल्या पाहिजेत, एवढाच आमचा युक्तिवाद होता.

आमची नात वनस्पतिशास्त्र शिकते आणि तिचा विषय समुद्री शेवाळांचें वर्गीकरण हाच आहे. माळ्यावरच्या पेटींतील ते कागद पाहून ती प्रथम आनंदली आणि मग त्या दोन चिठ्ठ्यांपाशीं थांबली. म्हणाली, “आजोबा, हीं दोन्ही नांवें आतां एकच झालीं आहेत.”

तिनें सांगितलेली हकीकत अशी. ‘उल्वा लॅक्टुका’ हें नांव लिनियसनें 1753 सालीं दिलें. नांव देतांना त्यानें वर्णन दोन ओळींचें केलें. परंतु या शास्त्राचा दंडक असा कीं नांव वर्णनाला बांधलेलें नसतें, एका विशिष्ट वाळविलेल्या नमुन्याला बांधलेलें असतें. तो नमुना ज्या जातीचा, तिचें तें नांव. लिनियसचा नमुना लंडन येथील लिनियन सोसायटींत जपून ठेवलेला आहे. त्याच्या लहानशा कणांतून डीएनए काढून संशोधकांनीं 2019 मध्यें तो वाचला, आणि निघालें काय, तर युरोपच्या थंड समुद्रांतील ज्या शेवाळाला दोन शतकांहून अधिक काळ लोक लॅक्टुका म्हणत आले, तें हें नव्हेच! लिनियसचा नमुना उष्ण समुद्रांत वाढणाऱ्या फॅसिएटाचा निघाला. नेपोलियनच्या मिसर देशावरील स्वारींत गेलेल्या देलील या वनस्पतिशास्त्रज्ञानें अलेक्झांड्रिया येथील शेवाळाला तें दुसरें नांव 1813 सालीं दिलें होतें. जुनें नांव ग्राह्य, म्हणून फॅसिएटा गेलें. आणि थंड समुद्रांतील बिचाऱ्या शेवाळाला ‘उल्वा फेनेस्ट्राटा’, म्हणजे गवाक्षें असलेली, या नांवावर समाधान मानावें लागलें.

नांव लक्षणाला नव्हे तर एका व्यक्तीला बांधावयाचें, हें आमच्या नैयायिक बुद्धीला प्रथम रुचलें नाहीं. शिंगें असणें हें गाईचें लक्षण केलें तर तें म्हशीवरही जातें, ती अतिव्याप्ति. कपिलवर्ण केलें तर पांढरी गाय सुटते, ती अव्याप्ति. अभिन्न खूर केलें तर एकही गाय सांपडत नाहीं, तो असंभव. (न्यायांत ‘जाति’ शब्दाचा एक अर्थ सामान्य आणि दुसरा अर्थ वादांतील खोटें उत्तर असा आहे. या प्रकरणांत दोन्ही अर्थ आमच्याकडे आले हें विद्वानांच्या ध्यानांत येईलच.) परंतु नात म्हणाली, “उल्व्याचें लक्षण करून दाखवा.” आम्ही म्हणालों, “हिरवें सपाट पान.” ती म्हणाली, मोनोस्ट्रोमाही हिरवें आणि सपाट, पण त्याचें पान पेशींच्या एका थराचें असतें व उल्व्याचें दोन थरांचें, ही अतिव्याप्ति. बरें, सपाटपणा हवाच म्हटलें तर पोकळ नळीसारखीं शेवाळें सुटतात. त्यांना ‘एंटेरोमॉर्फा’ म्हणून वेगळी प्रजाति मानीत असत. परंतु तीं एकाच वंशवृक्षावर उल्व्यांत मिसळलेलीं आहेत असें आनुवंशिक पुराव्यावरून 2003 मध्यें दाखविण्यांत आलें. ही झाली अव्याप्ति.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढेंच आहे. उल्व्याला सर्व सूक्ष्म जंतूंपासून वेगळें काढून प्रयोगशाळेंत वाढविलें तर त्याला नीट पानच फुटत नाहीं. पेशींचा आकारहीन पुंजका होतो. ठराविक जंतु पुनः पाण्यांत सोडले कीं रूप परत येतें. संगतीचा महिमा आम्हीं सुभाषितांत पुष्कळ शिकविला. सूक्ष्मदर्शकाखालीं तो असा दिसेल ही कल्पना नव्हती. जेथें रूपच संगतीवर, लाटांवर आणि उजेडावर अवलंबून, तेथें रूपावरून जाति ठरविणारा किती फसेल!

तरी डोळ्यांनींच काम करणाऱ्यांविषयीं आमच्या मनांतला आदर कमी झालेला नाहीं. बोर्गेसेन नांवाचे डॅनिश शास्त्रज्ञ 1927-28 मध्यें साठी उलटलेली असतां मुंबई व पश्चिम किनाऱ्यावर शेवाळ गोळा करीत हिंडले, आणि पुढें कित्येक वर्षें त्यावर लिहीत राहिले. नव्या जातींची भर आजही पडतच आहे. पंजाबच्या केंद्रीय विद्यापीठांतील फेलिक्स बास्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 2014 मध्यें आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरील एका नळीदार उल्व्यास ‘उल्वा पश्चिमा’ असें नांव दिलें, आणि 2021 मध्यें अंदमानांतील एका छत्रीसारख्या एकपेशीय शेवाळास ‘अ‍ॅसिटॅब्युलेरिया जलकन्यके’ असें. आकारान्त स्त्रीलिंगी संस्कृत शब्दाला लॅटिन षष्ठी लागलेली पाहून आम्हांस जो आनंद झाला तो नातीला कळला नाहीं. 1958 पासून 2011 पर्यंत शेवाळाच्या नव्या जातीचें वर्णन लॅटिनमध्यें करणें सक्तीचें होतें. आतां इंग्रजी चालतें. आम्हांस याचें किंचित् वाईट वाटलें.

संक्रांतीस तिळगूळ घेऊन आम्ही त्या विद्यार्थ्याच्या घरीं गेलों. आतां त्याची स्वतःची होडी आहे, मुलगा बंदरावर असतो. आम्हीं सगळें सांगितलें. तो हंसून म्हणाला, “गुरुजी, शेवाळ नाहीं आठवत मला. बाक आठवतो.” यावर काय बोलावें तें आम्हांस सुचेना. थोड्या वेळानें त्यानेंच विचारलें, “म्हणजे मी बरोबर होतों?”

येथें खोटें बोलणें सोपें होतें. परंतु नातीनें बजावलें होतें कीं, आमचा रुंद नमुना फॅसिएटाच असेल असें नाहीं. जुन्या चिठ्ठीवर लॅक्टुका लिहिलें असलें तरी तो तिसऱ्याच एखाद्या जातीचा असूं शकेल, आणि तें डोळ्यांनीं सांगतां येणार नाहीं. म्हणून आम्ही म्हणालों, “तें अजून ठरावयाचें आहे. पण माझें कारण चुकीचें होतें, हें ठरलें.” त्यानें मान डोलावली व आंतून चहा आणण्यास सांगितलें.

दोन्ही कागदांच्या कडेचा नखाएवढा तुकडा नात तपासणीसाठीं कापून घेऊन गेली आहे. जुनीं नांवें खोडावयाचीं नसतात, असें तिनें सांगितलें. म्हणून आम्हीं चिठ्ठ्या तशाच ठेवून शेजारीं पेन्सिलीनें ‘2019 पाहा’ एवढें लिहिलें, आणि दुसऱ्या कागदाच्या पाठीमागें त्या मुलाचें उत्तर, आठवलें तसें, उतरून ठेविलें.