बोक्या मोखाड्यात आला तेव्हा

नट आणि लेखक दिलीप प्रभावळकरांना मी कधी भेटलेलो नाही. पत्र लिहायचं मात्र अनेकदा मनात आलं आणि राहून गेलं. माझी मास्तरकी मोखाडा तालुक्यातल्या पाड्यांवर गेली. तिच्यातलं जे थोडंफार चांगलं झालं, त्यातला मोठा वाटा त्यांच्या पदरात घालायला हवा.

आमच्या शाळेची पहिली अडचण म्हणजे पोरं बोलत नसत. घरात वारली, ठाकरी किंवा कोकणा बोली आणि पुस्तकात वेगळीच मराठी. बाजाराला गेलं की त्यांच्या बोलण्याला हसणारे भेटायचे, म्हणून वर्गातही तोंड मिटलेलं. त्यातच 1992-93 साली शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंची बातमी देशभर गेली. गाड्या यायला लागल्या, फोटो निघायला लागले. बाहेरून येणारा जो तो आमच्या पोरांकडे कीव करत बघायचा, आणि त्या नजरेनं पोरं आणखीच मिटून जायची. हसायला येणारे आणि हळहळायला येणारे, दोघांपैकी कुणालाच पोरांचं ऐकायचं नव्हतं.

अशा दिवसांत ‘बोक्या सातबंडे’ची पुस्तकं माझ्या हाती आली. प्रभावळकरांनी बोक्या मुळात आकाशवाणीसाठी लिहिला होता, त्यामुळे मोठ्यानं वाचला की तो लगेच जिवंत होतो. हा मुंबईत राहणारा चिन्मयानंद सातबंडे, वय वर्षं दहा. आमच्या पोरांनी मुंबई पाहिली नव्हती, तिथल्या इमारती पाहिल्या नव्हत्या. मला वाटलं होतं, निम्मं डोक्यावरून जाईल. पण दोन पानं होईपर्यंत मागच्या ओळीतली पोरं पुढे सरकून बसली. बोक्याच्या उचापती स्वतःसाठी नसतात, कुणाला तरी मदत करायला जाऊन त्या होतात, हे त्यांनी माझ्याआधी ओळखलं. फजिती होते ती शिष्टांची आणि लबाडांची. गरीब, अडाणी किंवा वेगळं बोलणारा माणूस तिथे हसण्याचा विषय होत नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी आपल्याला न हसता आपल्याला हसवतंय, हे त्या पोरांना कळत होतं, असं मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

मग एक दिवस एका मुलानं उठून आपल्या बोलीत गोष्ट सांगायला सुरुवात केली. त्याचा बोक्या पाड्यावर आला होता. पोरांबरोबर मोहाची फुलं वेचत होता आणि दुकानदाराचा खोटा काटा सगळ्यांसमोर उघडा पाडत होता. वर्ग खदखदून हसला. त्या गोष्टीतले कितीतरी शब्द मला नवे होते. मी ते विचारत गेलो, पोरं सांगत गेली. त्या तासाला मास्तर ती होती.

दिवाळीनंतर आमच्याकडची कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात, भिवंडीकडे, वसईकडे. शिमग्याला परततात, तोवर पोरांची शाळा तुटलेली असते. परतल्यावर पुन्हा येऊन बसायला काहीतरी ओढ लागते. आमच्याकडे ती ओढ बोक्या होता. ‘आम्ही नसताना वाचलंत का पुढचं?’ हा प्रश्न दारातूनच यायचा.

त्याच सुमारास पाड्यावर व्हिडिओवर ‘झपाटलेला’ हा सिनेमा दाखवला गेला आणि त्यातल्या तात्या विंचू या बाहुल्यानं पोरांची झोप उडवली. मी सांगितलं, बोक्या लिहिणारा तोच हा माणूस, त्या बाहुल्याचा आवाजही त्याचाच. शहरातल्या मुलांना हे पटवावं लागलं असतं. आमच्या पोरांनी नुसत्या माना हलवल्या. बोहाड्यात, आमच्याकडच्या मुखवट्यांच्या उत्सवात, ती हे लहानपणापासून बघत आली होती. रात्री टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर रावणाचा मुखवटा घालून नाचणारा माणूस सकाळी आपल्याच शेजारी दातवण करत बसलेला असतो. सोंग आणि माणूस यांचं नातं मोखाड्याला शिकवावं लागत नाही.

‘हसवाफसवी’ पाहायला मी ठाण्याला गेलो, तेव्हा डोक्यात बोहाडाच होता. नाटक प्रभावळकरांनीच लिहिलेलं, 1991 साली रंगभूमीवर आलेलं, आणि त्यात सहा भूमिका त्यांच्याच. इथे मुखवटा नव्हता. खांदे, मान, आवाजाची पट्टी एवढ्यावर माणूस बदलत होता. कृष्णराव हेरंबकर हा म्हातारा गायक नट आला, तेव्हा हसता हसता माझ्या पोटात कालवलं. थिएटरातून निघालो तेव्हा ठरवलं की वर्गात गोष्ट वाचायची नाही, करायची. माझा गळा बरा नव्हता, अंगात नाच नव्हता, पण पोरांनी सांभाळून घेतलं आणि लवकरच सोंगं त्यांनी स्वतःकडे घेतली.

प्रभावळकरांची सुरुवात तेंडुलकरांच्या ‘लोभ नसावा ही विनंती’ या नाटकातली. पुढे दूरदर्शनवर चिं. वि. जोशींचा चिमणराव आणि सोबत बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ. ‘चौकट राजा’ या चित्रपटातला नंदू पाहून रडलेली माणसं मला आजही भेटतात. त्यांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनावरून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका झाली आणि त्यात ते आबा झाले. 2006 सालचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना ‘लगे रहो मुन्नाभाई’ आणि ‘शेवरी’साठी मिळाला, सहायक अभिनेत्याचा. ‘मुन्नाभाई’त त्यांनी पडद्यावर उभे केलेले गांधीजी हसतमुख होते, हे मला फार मोलाचं वाटतं. पण माझ्या लेखी सगळ्यात मोठा मान साहित्य अकादमीनं बोक्याला दिलेला बालसाहित्य पुरस्कार. नटाच्या लेखनाकडे हौस म्हणून बघायची आपल्याकडे सवय आहे, आणि मुलांसाठी लिहिलेल्या विनोदाकडे तर कुणी गंभीरपणे बघतच नाही. ते लेखन किती कसाचं आहे, हे मी पाड्यावरच्या वर्गात पाहिलं आहे. जिथं पोट भरलेलं नाही तिथं विनोद लगेच उघडा पडतो. बोक्या तिथं टिकला.

2014 साली आमचा तालुका नव्या पालघर जिल्ह्यात गेला, शाळांवरच्या पाट्या बदलल्या. माझ्या वर्गातली दोन-तीन पोरं आता स्वतः मास्तर आहेत. त्यांच्यातला एकजण गावच्या बोहाड्यात सोंग घेतो आणि वर्गात बोक्या करतो, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. मागच्या उन्हाळ्यात तो घरी आला आणि बोक्याचे सगळे भाग मागून घेऊन गेला. त्याच्या शाळेत या वर्षी पहिलीला आलेली मुलं अजून बोलत नाहीत, असं म्हणाला.