आता मी फॉर लूप लिहितो

टर्मिनलवर फॉर लूप लिहिणारा माणूस कच्चा, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. युनिक्समध्ये 1973 साली पाइप आला, 1977 साली मजकूर चाळणारं ऑक आलं. एवढी हत्यारं हाताशी असताना एकेक फाइल उचलून तिच्यावर काम करत कशाला बसायचं? फाइंडने शोधावं, एक्सआर्ग्जकडे सोपवावं, एका ओळीत विषय संपवावा. सुरतेत साड्यांच्या कॅटलॉगचं काम करताना मी हेच करायचो आणि नव्या पोरांकडूनही करून घ्यायचो.

रिंग रोडवरच्या मार्केटात साडी आली की तिचे फोटो निघतात: पूर्ण साडी, पल्लू, काठ, ब्लाऊजपीस. ते लहान करायचे, कोपऱ्यात डिझाइन नंबर छापायचा आणि व्हॉट्सॲपवर व्यापाऱ्यांकडे रवाना करायचे. लहान करणं आणि नंबर छापणं इमेजमॅजिक हा प्रोग्रॅम करतो. लूप प्रत्येक फोटोसाठी नवी प्रोसेस उभी करतो, म्हणून तो हळू, हा माझा मुद्दा. तो खोटा नाही. पण प्रोसेस उभी राहायला लागतात काही मिलिसेकंद. कॅमेऱ्यातला मोठा फोटो उघडून, लहान करून परत लिहायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. मी जे वाचवत होतो ते कुणाच्या लक्षातही येणारं नव्हतं.

तरी मत फिरलं ते या हिशेबाने नव्हे, सुरतेतल्याच उधन्याच्या एका मुलामुळे. वडील धुळ्याकडून आलेले, जॅकार्ड मागावर उभं आयुष्य गेलेलं. मुलाने माझी लांबलचक ओळ पाहिली आणि विचारलं, "भाऊ, हे मधेच थांबलं तर कुठवर आलं होतं ते कसं कळायचं?"

प्रश्न घरातूनच आला होता. फ्रान्समधल्या जॅकार्डच्या 1804 सालच्या मागापासून छिद्रांचे पुठ्ठे एकमेकांना ओवून त्यांची साखळी करतात. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याचा एक धागा. साखळी फिरून पहिल्या पुठ्ठ्यावर आली की नक्षी नव्याने सुरू. धागा तुटून माग थांबला तर कुठला पुठ्ठा समोर आहे ते कारागिराला दिसतं. हल्ली इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला पुठ्ठे लागत नाहीत, पण सवय तीच.

लूपमध्ये हे सहज जमतं. दर फेरीला फाइलचं नाव छापा, आदेश फसला तर ब्रेक. त्याहून मोलाचं म्हणजे खऱ्या आदेशाच्या आधी इको लावता येतो: कशालाही हात न लावता काय काय होणार त्याची यादी पडद्यावर येते. एक्सआर्ग्जलाही असे पर्याय आहेत, हे मान्य. पण नवख्याला ते शोधावे लागतात, लूपमध्ये सगळं डोळ्यांसमोर असतं. शिवाय फोल्डर अवाढव्य असलं की सगळी नावं एकाच आदेशाला द्यायला कर्नल नकार देतो. लूप ती नावं शेलच्या आतच पसरवतो, त्याला ही मर्यादा आड येत नाही.

पथ्यं आहेतच. फाइलचं नाव अवतरणचिन्हांत हवं, नाहीतर "लाल पल्लू" नावाच्या एका फोटोचे शेल दोन फोटो करतो. एलएसच्या यादीवर लूप फिरवू नये. आणि नंबर 002, 010 असे लिहावेत. साधे लिहिले तर 10 आधी येतो, 2 मागून.

एका ठिकाणी मात्र मी जुन्याच मतावर आहे. लाखभर ओळींची रेट-लिस्ट व्हाइल रीडने ओळीओळीने वाचणं हा छळ आहे; तिथे ऑकच.

तो मुलगा? तो आता एक्सआर्ग्जच्या बाजूला गेलाय, चारही कोअर एकदम कामाला लावता येतात म्हणून. माझे लूप बघून हसतो.