फोटोच्या पाठीवर

डोंबिवलीत एखादी इमारत पाडायची ठरली की आधी रिकामा होतो तो माळा. रामनगर, टिळकनगर, ठाण्याला नौपाडा, कल्याणला टिळक चौक, सगळीकडे हेच चालू आहे. बिल्डरने भाड्याचे चेक दिले, घर सोडायची तारीख दिली, की साठी ओलांडलेल्यांची धांदल उडते. तांब्याच्या बंबाला आणि पितळी पातेल्यांना मोड म्हणून का होईना, गिऱ्हाईक असतं. गाडं अडतं ते पत्र्याच्या ट्रंकेपाशी. ती खाली उतरवून झाकण उघडलं की मुलं-सुना जमतात, दोन-चार फोटोंचे मोबाइलवर फोटो काढतात, "बाबा, तुम्ही किती बारीक होतात!" म्हणून हसतात आणि मग विचारतात, "याचं आता करायचं काय?"

आमच्या वयाच्या कुणालाही ती ट्रंक न उघडता आतलं सांगता येईल. वर लग्नपत्रिका, कोपऱ्यांना हळद-कुंकवाची बोटं लागलेल्या. त्याखाली पोस्टकार्डांचे गठ्ठे, जुन्या नाडीने बांधलेले. निळी अंतर्देशीय पत्रं, घाईने फोडताना दोन शब्द फाटलेली. पिवळ्या पाकिटात निगेटिव्ह. संक्रांतीची भेटकार्डं, पंढरपूरच्या अभिषेकाची पावती, आरे दुधाचं कार्ड, मुदत संपलेला रेल्वेचा पास. आणि तळाला अंथरलेलं वर्तमानपत्र, जे वाचण्यात पुन्हा अर्धा तास मोडतो.

यातलं काहीही आम्ही छंद म्हणून जमवलेलं नाही. छंदवाली मुलं वेगळी. ती पाकिटावरची तिकिटं पाण्यात भिजवून सोडवायची, काड्यापेटीची चित्रं वहीत चिकटवायची. मोठ्यांच्या घरात नियम एकच होता, कागद टाकायचा नाही. लग्नपत्रिकेची कोरी बाजू गणितं करायला, आलेलं पाकीट उलटं करून पुन्हा चिकटवायला, कॅलेंडरचं मोठं पान वह्यांना कव्हर घालायला. जयंत साळगावकरांचं 'कालनिर्णय' १९७३ साली आलं आणि त्याच्या पानांमागे पाककृती छापून येऊ लागल्या, तेव्हापासून ती पानंही जमा होऊ लागली. पुढे तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशेब आणि बाईचे खाडे, मागे अळुवडी. मला तर वाटतं, ज्या कागदाला कोरी बाजू होती तो आम्ही वापरून संपवला. उरले ते दोन्ही बाजूंनी भरलेले. पोस्टकार्डं टिकली ती याच कारणाने, त्यांवर पुन्हा काही लिहायला जागाच नव्हती.

आपल्या देशात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झालं, किंमत पाव आणा. आमच्या आठवणीतलं ते पंधरा पैशांचं, पिवळसर. त्यावर पंधरा पैशांच्या मानाने फार मजकूर मावायचा. माझ्या आत्याचं देवरुखहून आलेलं एक कार्ड समोर आहे. वर मधोमध 'श्री', उजवीकडे तारीख, मग 'चि. दादास अनेक उत्तम आशीर्वाद' आणि लगेच पाऊस. नक्षत्र कोरडं गेलं, तरवा पिवळा पडतोय, गाय व्यायली, पाडा झाला. काजूच्या पैशांचं अजून नक्की नाही. जागा संपत आली तशी अक्षरं बारीक झाली. ती पुरेनात तेव्हा कार्ड आडवं धरून समासात 'वन्सं आल्या होत्या, त्यांचा गुडघा तसाच.' आणि अगदी शेवटी, कार्ड उलटं करून, 'श्री'च्याही डोक्यावर: 'गरे तळून ठेवलेत, कोण येतंय ते कळव.' पत्त्याच्या बाजूला दोन शिक्के आहेत, एक देवरुखचा, एक डोंबिवलीचा. तेव्हा पत्र निघताना आणि पोचल्यावर असे दोन्हीकडे शिक्के पडायचे, त्यामुळे गाव आणि घर यांत किती दिवसांचं अंतर होतं ते आजही मोजता येतं.

अशी पत्रं घरात आली की तारेला टोचली जायची. लाकडी चकतीत रोवलेली, टोकाला आकडी असलेली ती तार स्वयंपाकघराच्या दाराआड टांगलेली असे. वर्षभराची पत्रं, विजेची बिलं, मनीऑर्डरच्या पावत्या एकाच तारेवर. म्हणून जुन्या कार्डाला मध्यभागी भोक असतं, आणि नेमका एखाद्या माणसाच्या नावातला एक शब्द त्यात गेलेला असतो. उघड्या कार्डात गुपित काही नसेच. आमच्या चाळीत पोस्टमनकाका जिन्यातूनच सांगायचे, "वहिनी, धुळ्याला मुलगी झाली हो!" आणि मग कार्ड हातात द्यायचे. याचा राग कुणाला आल्याचं आठवत नाही.

एक गोष्ट मात्र या गठ्ठ्यांत सापडणार नाही. मयताची बातमी आणणारं कार्ड वाचून झालं की तिथल्या तिथे फाडायचं, घरात ठेवायचं नाही, आणि वाचणाऱ्याने आंघोळ करायची. त्यामुळे आमच्या ट्रंकेत माणसं जन्मतात, मुंजी होतात, लग्नं होतात, बदल्या होतात. मरत कुणीच नाही. आजोबांची पत्रं एका उन्हाळ्यात थांबतात, एवढंच.

पिनकोड आला १९७२च्या १५ ऑगस्टला. ही योजना बसवली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने, संस्कृतातले कवी म्हणूनही त्यांचं नाव आहे. पण त्यात डोंबिवलीकरांना एक सल बसली ती कायमची. ठाण्याला ४००६०१, म्हणजे सुरुवात मुंबईची. आम्हाला ४२१२०१. ठाण्याचे पाहुणे आले की हा विषय निघायचाच. कल्याणकर शांत असायचे. त्यांचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, त्यांना आकड्यांची फिकीर नव्हती.

सणांचा कागद हा वेगळा भाग. दिवाळीआधी फडके रोडवर भेटकार्डांच्या टेबलांभोवती उभं राहायचं, दहा कार्डं उलटसुलट करायची आणि दोन घ्यायची. बाकीची घरी, ड्रॉइंगच्या कागदावर पणती काढून. चित्राची आमची समज घडली ती दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर. दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केला होता. अंक वाचनालयाचा असला तर परत जायचा, विकतचा असला तर मुखपृष्ठ सोडवून कपाटाच्या दाराला आतून लागायचं. तिथे ते इतकं घट्ट चिकटायचं की कपाटाबरोबरच जायचं.

संक्रांतीचं कार्ड दिवाळीपेक्षा लहान, पण त्यात जिन्नस असे. लांबच्या माणसाला तिळगूळ द्यायचा म्हणजे पाकिटात हलव्याचे चार दाणे घालून ते पोस्टात टाकायचं. पोस्टात त्यावर शिक्के हाणले जायचे, त्यामुळे पोचेपर्यंत हलव्याचं पीठ. आम्ही ते पीठही बोटाने टिपून खायचो. आज अशा एखाद्या पाकिटाच्या कोपऱ्यात साखरेचा कण दिसतो, आणि त्याच्यापायी मुंग्यांनी किंवा कसरीने खाल्लेलं भोकही.

लग्नात आलेल्या तारा हा असाच प्रकार. शुभेच्छांचे मजकूर ठरलेले, त्यांना क्रमांक, पाठवणारा फक्त क्रमांक सांगायचा. त्यामुळे जेवणावळीच्या आधी लाउडस्पीकरवर वाचून दाखवलेल्या पाच तारांत तीन सारख्याच. तारसेवा २०१३च्या जुलैत बंद झाली तेव्हा अनेकांना तार कुठून करायची हेही आठवत नव्हतं.

प्रवासाचा कागद आमच्याकडे आला एलटीसीमुळे. बँकेत, रेल्वेत, सचिवालयात नोकरी असलेली घरं काही वर्षांतून एकदा काश्मीर नाहीतर कन्याकुमारी गाठायची. श्रीनगरला भाड्याचा काश्मिरी पोशाख घालून, हातात सुरई धरून काढलेला फोटो ज्या घरात नाही ते घर एलटीसीचं नव्हे. कन्याकुमारीहून चित्रांच्या कार्डांचा संच आणायचा, पण तो कुणाला पाठवायचा नाही. अशी पाठ कोरी राहिलेली व्ह्यू-कार्डं प्रत्येक ट्रंकेत आहेत. पाठवून काय सांगणार? तिथे पोचलो हे सांगायला पोस्टकार्ड होतंच. माथेरानच्या मिनी ट्रेनचं जाड पुठ्ठ्याचं तिकीट हाती लागलं तर समजावं, उतरताना ते घ्यायला दाराशी कुणी नव्हतं. नाहीतर तिकीट जमा करावंच लागे. लोकलच्या कुपनांचंही तसंच. मशीनमध्ये घालून ठसा उमटवायची ती पुस्तिका आता कुठे दिसत नाही, पण अर्धी वापरलेली एक तरी घराघरात असेल.

डोंबिवलीचं स्वतःचं चित्रकार्ड कधी निघालं असेल असं मला वाटत नाही. काय छापणार, पूल? आमचं गाव पत्ता लिहिण्यापुरतं. चित्रं छापली जायची ती मुंबईची, राजाबाई टॉवरची आणि बोरीबंदरची. गेल्या शतकाच्या सुरुवातीला या कार्डांची मोठी लाट होती. रविवर्मा प्रेस मळवलीला देवादिकांची रंगीत चित्रं छापत होता, महादेव विश्वनाथ धुरंधरांसारखा चित्रकार कार्डांसाठी मुंबईची माणसं रंगवत होता. ओमर खान यांनी २०१८ साली 'पेपर ज्युएल्स' या पुस्तकात ही कार्डं एकत्र आणली आहेत. त्यांना आता चांगला भाव आहे. चोरबाजारात आणि लिलावात लोक ती शोधत असतात, ते ठीकच. पण धुरंधरांचं कार्ड मिळालं तर सोनं आणि आत्याचं कार्ड किलोवर, हा हिशेब मला पटत नाही. धुरंधरांची कार्डं छापखान्यात शेकड्यांनी निघाली. पाडा झाला हे सांगणारं कार्ड एकच आहे.

फोटोंचं तर त्याहून अवघड. घरात कॅमेरा असला तर तो बहुधा आगफा क्लिक थ्री, बडोद्याला तयार व्हायचा. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यामुळे एक रोल गणपतीला सुरू होऊन संक्रांतीच्या बोरनहाणाला संपायचा. ऊन पाठीशी घेऊन फोटो काढायचा, ही पक्की शिकवण. म्हणून तलावपाळीच्या कठड्यावर नाहीतर दुर्गाडीच्या पायथ्याशी आई आणि आम्ही डोळे बारीक करून उभे, आणि फोटोत सगळ्यात खाली जमिनीवर एक लांबट सावली, कोपरं बाहेर काढलेली. ते बाबा. कित्येक घरांतल्या अल्बमात बाबा असे सावलीपुरतेच आहेत.

ते अल्बम काळ्या पानांचे होते. दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद, फोटो धरायला चार कोपरे, जिभेने ओले करून चिकटवलेले. फोटो अलगद काढून पाठ वाचता यायची. पुढे चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले अल्बम आले. दिसायला छान, पण फोटोचे वैरी. त्यांच्यातला डिंक पिवळा पडला आणि फोटो कायमचे बसले. उरलेलं २६ जुलै २००५च्या पाण्याने केलं. कल्याण-डोंबिवलीतल्या तळमजल्यांवर तेव्हा कपाटाचे खालचे खण भिजले. घाबरून ओले फोटो ओढून सोडवले त्यांच्या हातात पांढरा कागद राहिला. स्वच्छ पाण्यात ठेवून हळूहळू सोडवले त्यांचे बरेच वाचले.

आता मुलं स्कॅन करतात, चांगलं आहे. पण फक्त पुढची बाजू करतात. पाठीवर आईच्या अक्षरात 'ठाणे, बारशाच्या दिवशी, ताई रुसलेली' असं लिहिलेलं असतं, ते राहतं, आणि स्कॅन झालं म्हणून मूळ फोटो रद्दीत जातो. पाठ कोरी असेल तर ती आणखी दहा वर्षांत कुणालाच भरता येणार नाही. मधल्या रांगेत डावीकडून तिसरी बाई कोण, हे सांगणारी एकच काकू आता उरली आहे.

तेव्हा माळा रिकामा करायच्या आधी तिला एक दुपार घरी बोलवा. लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा निघत नाही. फोटो पालथा घाला, काचेसारख्या कडक, गुळगुळीत पृष्ठभागावर ठेवा आणि मऊ शिशाच्या पेन्सिलीने, दाब न देता, नाव, गाव, साल लिहा. साल नक्की नसेल तर 'मुंजीच्या आधी' असं लिहिलं तरी चालेल. बॉलपेन वापरू नका, पुढच्या बाजूला वळ उमटतात.