जीवदानीच्या पायथ्याशी

विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यात राहायला आलो, तेव्हा जीवदानीच्या १३०० हून अधिक पायऱ्या मी सहज चढत असे. खाली उतरून सिगारेटही ओढीत असे! सिगारेट सोडून ६ वर्षे झाली, धापेने मात्र संगत सोडली नाही. डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसांतले गेलेले वायुकोश परत येत नाहीत, सिगारेट सुटली म्हणून उरलेले अधिक टिकतील." रोज सकाळी तळ्यापर्यंत जातो. श्वास नाकाने घ्यायचा, ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा. चारदा थांबावे लागते. पण थांबल्यामुळेच पाण्यावरचा खंड्या दिसतो.

परवा धाकटी डोंगराकडे पाहत म्हणाली, "बाबा, वर जाऊ या?"

"जाऊ. पण दर १० पायऱ्यांना तू मला एक गोष्ट सांगायची."

तिने बोटे मोजली. "म्हणजे १३० गोष्टी!"

सध्या ती गोष्टी जमवते आहे. आणि मी श्वास.