हिमोग्लोबिन 'नॉर्मल', तरी रात्री पाय का चुळबुळतात?



आज पाठ्यपुस्तकातला धडा नाही. आज रक्ताचा रिपोर्ट वाचायला शिकूया.

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून दोन फेऱ्या मारल्या की बरं वाटतं, आडवं झालं की पुन्हा सुरू. आपण म्हणतो, दिवसभर वर्गात उभं राहून पाय दुखत असतील. पण दमलेले पाय आडवं झाल्यावर शांत होतात. हे पाय आडवं झाल्यावरच जागे होतात. फरक इथेच आहे.

याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. इंग्लंडचे डॉक्टर थॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये अशा त्रासाचं वर्णन केलं होतं. स्वीडनचे डॉक्टर एकबोम यांनी १९४५ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. खुणा चार: पाय हलवण्याची अनावर इच्छा, विश्रांतीत वाढ, हालचालीने आराम आणि संध्याकाळी-रात्री जोर.

मला हे वर्षभर होतं. घर डोंबिवलीत, शाळा ठाण्यात. संध्याकाळच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तरी मी उभी राहायचे, कारण बसलं की पाय सुरू! झोप जेमतेम तीन-चार तास. सकाळी दुसरीच्या मुलांना जोडाक्षरं शिकवताना माझेच डोळे मिटायचे. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन १२.३. "सगळं नॉर्मल आहे, मॅडम." पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी फेरिटिन तपासायला सांगितलं. ते निघालं १९.

हिमोग्लोबिन आणि फेरिटिन

आपल्याला पोषण आहाराचं साठा रजिस्टर माहीत आहे, त्यावरून समजून घ्या. हिमोग्लोबिन म्हणजे आज मुलांच्या ताटात वाढलेला भात. फेरिटिन म्हणजे कोठीतल्या तांदळाच्या गोणी. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन म्हणजे तांदूळ आणणारा टेम्पो किती भरलेला आहे ते. ताटं भरलेली दिसतात, पण कोठीत शेवटची गोणी असू शकते. शरीर आधी साठा संपवतं, हिमोग्लोबिन नंतर उतरतं.

मेंदूत डोपामिन तयार व्हायला लोह लागतं. या त्रासात मेंदूला लोह कमी पडतं, असं संशोधन सांगतं. म्हणून इथे फेरिटिनची पट्टी वेगळी असते. अनेक लॅबच्या रिपोर्टवर बायकांसाठी खालची मर्यादा १०-१५ च्या आसपास छापलेली असते, त्यामुळे १९ हा आकडा ठळक होत नाही. पण हा त्रास असलेल्या मोठ्या माणसाचं फेरिटिन ७५ किंवा त्याखाली, किंवा सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली असेल, तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. लहान मुलांसाठी हा आकडा ५० धरतात.

आणखी एक गंमत. ताप किंवा संसर्ग असताना शरीर कोठीला कुलूप लावतं, लोह आत अडकतं आणि फेरिटिन खोटं जास्त दिसतं. म्हणून आजारपणात ही तपासणी करू नका. सकाळी उपाशीपोटी करा. लोहाची गोळी चालू असेल तर आधी किती दिवस थांबवायची ते डॉक्टरांना विचारा. नुसतं 'सीरम आयर्न' पाहून निष्कर्ष काढू नका, ते दिवसभरात वरखाली होतं.

बी-१२ आणि डी

शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नेहमीचं. त्याने तळपायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, आणि तो चालल्याने जात नाही. म्हणून हे वेगळं ओळखायचं. ड जीवनसत्त्व कमी असेल तर हाडं, स्नायू दुखतात. दोन्ही तपासून भरून काढावीत, पण त्यामुळे लोहाची तपासणी टाळू नये.

आणि हो, मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. थॅलेसेमिया मायनरमध्येही हिमोग्लोबिन कमी दिसतं, पण लोह कमी असेलच असं नाही. आपल्या शेजारच्या उल्हासनगरात सिंधी वस्ती मोठी आहे आणि त्या समाजात हे प्रमाण जास्त आढळतं. जास्तीचं लोह शरीराला सहज बाहेर टाकता येत नाही. शिवाय लोह का कमी झालं, हेही शोधावं लागतं. माझ्या बाबतीत पाळीतला जास्त रक्तस्राव निघाला.

मला डॉक्टरांनी एक दिवसाआड गोळी दिली, लिंबूपाण्याबरोबर. चहा तासभर लांब. तीन महिन्यांनी फेरिटिन ४६ झालं. त्रास पूर्ण गेलेला नाही, पण आता रात्री सलग पाच तास झोप लागते, आणि लोकलमध्ये मी बसते!

वर्गातली मुलं

हे मुलांनाही होतं. "हाडं वाढतायत" किंवा "फार चुळबुळ्या आहे" म्हणून ते विसरलं जातं. निदान करणं आपलं काम नाही, पण विचारणं आहे: "बाळा, पायात काय होतं? कधी होतं?" मुलं म्हणतात, मुंग्या चालतात, पाय पळायला बघतात. असं रोज रात्री होत असेल तर पालकांना डॉक्टरकडे जायला सांगा. पहिली ते पाचवीला आपण आठवड्याला देतो त्या गुलाबी गोळीत ४५ मिलिग्रॅम लोह असतं. ती कमतरता टाळण्यासाठी आहे, उपचारासाठी नाही.

पालकहो, रिपोर्ट हातात आला की 'नॉर्मल' या शब्दावर थांबू नका. डॉक्टरांना एवढंच विचारा: "फेरिटिन किती आहे, आणि या त्रासासाठी ते पुरेसं आहे का?" आणि जुने रिपोर्ट फाईलला लावून ठेवा. पुढच्या वेळी तुलना करायला तेच लागतात.