भिंतीवरची शिंदी

सेवाग्रामच्या बापूकुटीत येणारी माणसं आधी गांधींची बैठक बघतात, मग आश्रमातला तो टेलिफोन आणि साप पकडायचा पिंजरा. माझी नजर मात्र दर खेपेला भिंतीवर अडते. सारवलेल्या भिंतीवर मातीचीच झाडं उठवलेली आहेत. सरळसोट खोड आणि वर झावळ्यांचा झुबका. मला ती शिंदीच वाटतात, वर्ध्याकडे नाल्यांच्या काठाला असतात तशी. ती लिंपणारी बाई ब्रिटिश आरमारातल्या अ‍ॅडमिरलची मुलगी होती.

मॅडेलीन स्लेड, आपल्या मीराबेन. आधी त्या वर्ध्याला लागून असलेल्या सिंदीत राहिल्या, मग शेगावात. गांधी ३० एप्रिल १९३६ ला शेगावी आले, तेव्हा त्या तिथे होत्याच. पुढे बुलढाण्याच्या शेगावाशी टपालाचा घोळ व्हायला लागला म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. आज जिला बापूकुटी म्हणतात ती मुळात मीराबेनची झोपडी. गावातल्या लोकांना कापूस पिंजायला, सूत कातायला शिकवायचं, हा तिथला उद्योग. गांधी तिथे नंतर राहायला आले.

दूरदेशी जाऊन खेड्यात फुकट शिकवणाऱ्यांची चरित्रं मी हावरटासारखी वाचतो, आणि बहुतेकदा चिडून मिटतो. त्यात त्याग असतो, तपश्चर्या असते, पण दुपारचे तीन कधीच वाजत नाहीत. वर्ध्याच्या मे महिन्यात दुपारी तीनला या लोकांचं काय होत असेल? कवेलू तापलेले, वावरात धसकटांशिवाय काही नाही, गाव चिडीचूप. आणि पावसाळ्यात उलट तऱ्हा. काळी माती चपलेला अशी धरते की पाय उचलला तरी चप्पल मागेच राहते. शहरापासून आठेक किलोमीटरची वाट, पण बंडीचे बैलसुद्धा तिथे हरायचे. १९३६ सालीच गांधींना हिवतापानं गाठलं, मीराबेनना विषमज्वरानं. सेवेच्या गोष्टींत डास कमी असतात, ही माझी जुनी तक्रार.

मीराबेन एकट्या नव्हत्या. नयी तालीमची शाळा उभी केली ती सिलोनच्या आर्यनायकमांनी आणि त्यांच्या बंगाली पत्नी आशादेवींनी. १९४९ च्या सुमारास मार्जरी साइक्स आल्या. यॉर्कशायरमध्ये जन्मलेल्या, १९२८ साली मद्रासला शिकवायला आलेल्या, तिथे तामिळ आणि मग शांतिनिकेतनात बंगाली शिकून झालेल्या. आता इथे गुरुजींना शिकवायचं, तेही हिंदुस्थानीत, आणि भोवतालची पोरं वऱ्हाडी बोलणारी. ‘काऊन जी?’ असं पोरानं विचारलं की बंगाली कितपत कामी येणार!

ही नयी तालीम ठरली ती अशी: ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समितीनं अभ्यासक्रम आखला, आणि ठरलं की मूल मातृभाषेत शिकेल आणि हातातल्या उद्योगातून शिकेल. वर्ध्याला उद्योग म्हणजे कापूसच असणार. पऱ्हाटी दारापर्यंत आलेली. बोंडातून कापूस, कापसातून सरकी वेगळी, मग पिंजण, पेळू, टकळी. टकळी फिरवायला लागलं की गणित आपोआप सुरू. चार फुटांचा एक तार. एकशे साठ तारांची लट, चार लटींची गुंडी, म्हणजे सहाशे चाळीस तार. एका रत्तलात जितक्या गुंड्या बसतील तितका सुताचा अंक. वीस अंकाचं सूत असेल तर रत्तलात गुंड्या वीस, आणि धोतराला किती लागतील हे काढायचं तर त्रैराशिक आलंच. तार तुटला की वजाबाकी. पेळू जाड-बारीक झाला तर अंक घसरला. का घसरला ते हाताला विचारायचं, पुस्तकाला नव्हे. कापसाच्या काळ्या जमिनीवरून भूगोल निघतो, मँचेस्टरच्या गिरण्यांवरून इतिहास. मला हे मनापासून आवडतं. मी स्वतः त्रैराशिक शिकलो ते हौदाच्या दोन तोट्यांवर, आणि तसला हौद आजवर कुणाच्या घरी पाहिला नाही.

पण मग धडा उद्योगाशी जोडण्याच्या या अनुबंधाचा सोस वाढतो. प्रत्येक धडा सुतालाच बांधायचा म्हटलं की कविताही टकळीवर येते, चंद्रही पेळूसारखा गोल होतो. जगातली प्रत्येक गोष्ट कशाच्या तरी उपयोगाची असली पाहिजे, हा विचार दोन तास बरा वाटतो, दिवसभर नाही. सेवाग्रामच्या शाळेचं नशीब असं की आशादेवी, आर्यनायकम आणि साइक्स तिघेही शांतिनिकेतनातून आलेले. त्यांनी बरोबर गाणं आणलं, सण आणले. कताईच्या कडक वेळापत्रकात रवींद्रनाथांची एवढी फट राहिली म्हणूनच ती शाळा मला शाळा वाटते, कारखाना नाही.

मीराबेनची शिंदीही तसल्याच फटीतली. त्या झाडांनी कुणाचा मलेरिया गेला नाही, कुणी त्यावर बेरीज शिकलं नाही. या बाईला तरुणपणी बेटहोफेनचं वेड होतं; लंडनमध्ये त्याच्या संगीताच्या मैफली भरवायची. त्या वेडापायी ती फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँकडे गेली आणि रोलाँनी तिला गांधींचं नाव सांगितलं. म्हणजे शेगावातल्या पिंजणवर्गाचं मूळ एका बहिऱ्या जर्मन संगीतकाराशी जातं. १९५९ मध्ये मीराबेन भारत सोडून गेल्या, ऑस्ट्रियात राहिल्या, पुन्हा बेटहोफेनकडे वळल्या. १९८२ मध्ये तिथेच वारल्या. काही जणांना हे गांधींना सोडून जाणं वाटतं. मला नाही वाटत. माणसाला दोन वेडं असू शकतात.

सेवाग्रामात २००५ पासून आनंद निकेतन ही शाळा पुन्हा नयी तालीमच्या वाटेनं चालते. मुलं माती खणतात, भाजी लावतात. बाहेरून येणारी तरुण मंडळी आजही दिसतात, पाठीवर पिशव्या, पायांत नव्या चपला. मी त्यांना सल्ला देत नाही. फारच चिकटून विचारलं तर गोरस भांडाराचा पत्ता सांगतो. गाईच्या तुपातला गोरसपाक तिथे मिळतो, खुसखुशीत, तोंडात टाकला की विरघळणारा. उकडलेल्या भाज्या आणि कडुनिंबाच्या चटणीसाठी प्रसिद्ध असलेल्या आश्रमाच्या मुलखातून असला जिन्नस निघावा, यात मला वर्ध्याचं शहाणपण दिसतं. त्याच्या वजनावर कुणी त्रैराशिक घातलं नसेल, अशी आशा आहे.