सात वाटे

गेल्या वर्षी आमचा मिरजेतला वाडा विकायचा ठरला. बिल्डरने पाठवलेला कागद पुतण्याने दोनदा वाचला आणि म्हणाला, "चाचा, यात वाड्याची किंमत धरलेलीच नाही. आहे ती फक्त जागेची. वर पाडण्याचा खर्च वजा केलाय."

मला फार लागलं. ज्या सागवानी खांबांना धरून आम्ही चालायला शिकलो, ज्या चौकात ईदच्या दिवशी चाळीस माणसं जेवायला बसत, त्याची किंमत शून्य? मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "मग विकायचाच नाही."

पुतण्या आर्किटेक्ट आहे. त्याने वाद घातला नाही. लॅपटॉप उघडला आणि कोलंबोतल्या एका घराची चित्रं दाखवली. कॉलेजच्या सहलीत तो ते घर पाहून आला होता.

घर एना डि सिल्व्हा यांचं. या बाई बाटिकच्या नामवंत कलावंत, कँडीकडच्या जुन्या घराण्यातल्या. 1960 च्या सुमारास कोलंबोत एक लहानसा प्लॉट घेऊन त्यांनी जेफ्री बावा यांना घर बांधायला सांगितलं. बावा तेव्हा नवखेच. आधी वकिली केलेली. लंडनहून आर्किटेक्ट होऊन आले ते 1957 साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. पुढे श्रीलंकेचं संसद भवन त्यांनीच बांधलं. 2001 मध्ये आगाखान पुरस्कारांतला अध्यक्षांचा खास सन्मान त्यांना मिळाला. आपल्या वाचकांना आणखी एक सांगायला हवं. बावा हे आडनाव त्यांच्या आजोबांकडून आलेलं, आणि ते आजोबा मुस्लीम वकील होते.

इंग्रजांच्या काळातला बंगला म्हणजे मधोमध इमारत आणि भोवती बाग. शहरात प्लॉट लहान होत गेले तशी ती बाग आक्रसली आणि शेजाऱ्याच्या खिडकीतून आपलं स्वयंपाकघर दिसू लागलं. बावांनी हे उलटं केलं. भिंत थेट हद्दीवर नेली, इमारत कडेला सरकवली आणि मोकळी जागा घराच्या पोटात घेतली. मधे मोठा चौक, बाजूंना लहान चौक. तेव्हा श्रीलंकेत परकीय चलनाची टंचाई होती, बाहेरून माल आणणं अवघड. म्हणून लाकूड, दगड, मातीची कौलं, जे देशात मिळेल त्यात घर उभं केलं. 1962 मध्ये ते पुरं झालं. वापर जुन्या वस्तूंचा, पण मांडणी अगदी नव्या काळाची. खोलीतून खोलीत आणि खोलीतून चौकात नजर अडत नाही. रस्त्यावरून मात्र फक्त भिंत आणि वरची कौलं.

ती चित्रं पाहताना मला दादीमा आठवली. दुपारी पुरुषमाणसं बाहेर गेली की ती चौकात बसायची. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, केस वाळत घातलेले. आपल्या जुन्या घरांना लोक बायकांचा तुरुंग म्हणतात. ते अगदीच खोटं नाही. पण आभाळाचा तेवढा एक चौकोन तिचा होता, आणि तो तिला त्या चौकाने दिला होता. नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत माझी सून पडदा ओढूनच बसते.

"मग त्या घराचं काय झालं?" मी विचारलं.

"विकलं. 2009 मध्ये. त्या बाईंनी स्वतःच."

एना तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या आणि कित्येक वर्षं मातलेजवळ गावाकडे राहत होत्या. घराच्या शेजारी रुग्णालय होतं, त्याला जागा हवी होती. म्हणजे तिथेही घराची किंमत शून्यच! फरक पुढे पडला. बावा 2003 मध्ये वारले होते. त्यांच्या नावाच्या विश्वस्तांनी घर सोडवून न्यायचं ठरवलं. दगड, कौलं, खांब, दारं, सगळ्यांवर क्रमांक घातले, नकाशे काढले आणि ते सामान बेंटोटाजवळच्या लुनुगंगा या बावांच्या बागेत नेलं. 2016 पर्यंत घर तिथे पुन्हा उभं राहिलं. एना मात्र 2015 मध्येच वारल्या.

"आपणही असंच करू," मी म्हणालो. पुतण्या जरा थांबला. मग म्हणाला, "करू. पण चाचा, एना डि सिल्व्हांचं घर त्यांच्या नावावर होतं. आपला वाडा कोणाच्या नावावर आहे?"

सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर दोन नावं होती. माझे मरहूम अब्बा आणि चाचा. दादांना पाच मुलं. दोन मुलगे, तीन मुली. सूरह निसाने वाटे ठरवून दिलेले आहेत. 1937 चा शरियत कायदा शेतजमीन वगळतो, पण घराला लागू होतो. हिशेब सोपा आहे. सात वाटे. भावांचे दोन-दोन, बहिणींचा एकेक. म्हणजे वाड्याचे सातांतले तीन भाग माझ्या तीन फुफींचे. दादा 1974 मध्ये गेले. तेव्हापासून हे तीन वाटे कोणी मागितले नाहीत आणि आम्ही दिले नाहीत. "मकान भाई का है, मेरा क्या," असं फुफी म्हणायच्या. माहेरचा दरवाजा उघडा राहावा म्हणून म्हणायच्या, हे आम्हाला कळत होतं. नमाज-रोज्यात काटेकोर असलेलं आमचं घर या एका बाबतीत पन्नास वर्षं गप्प होतं.

वाडा विकू नये म्हणून मी गहिवरून बोलत होतो, पण तो गहिवर बहिणींच्या वाट्यावर उभा होता. वाडा तसाच ठेवला असता तर त्यांचा हक्क आणखी एक पिढी चौकातच पुरला गेला असता.

आम्ही वाडा विकला. सगळे दगड उचलून न्यायची आमची ऐपत नव्हती. पुतण्याने तीन रविवार टेप लावून मापं घेतली आणि चौक, हौद, जिना, माडी यांचा नकाशा काढला. आठ खांब मात्र आम्ही काढून आणले आहेत.

पैसे सात वाट्यांत विभागले. दोन फुफी अल्लाहला प्यारी झाल्या आहेत. त्यांचे वाटे मुलाबाळांना गेले. धाकटी फुफी हयात आहे. तिचा चेक घेऊन मी स्वतः गेलो. ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. मग हळूच विचारलं, "तेरे अब्बा नाराज तो नहीं होते न?"

अब्बांना जाऊन वीस वर्षं झाली. मी म्हणालो, "नाही फुफी. त्यांचं ओझं उतरलं."

तिने चेक घेतला आणि कुराणाच्या जुजदानाखाली ठेवला.